शुभ्रतेचा ताळा

हिवाळा हा कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या कापड व्यापाऱ्यांचा एकेकाळी मंदीचा हंगाम असे. सेंट लॉरेन्स नदी गोठली की बंदर बंद, जहाजे बंद आणि पेढ्यांवरील उलाढालही मंद. १८५६ साली विल्यम नॉटमन हा तीस वर्षांचा तरुण स्कॉटलंडहून या शहरात आला, तेव्हा त्याच्या घराण्याचा लोकरी कापडाचा व्यापार बुडालेला होता. मॉन्ट्रियलमध्ये त्याने एका घाऊक कापडाच्या पेढीवर नोकरी धरली. हिवाळ्यात पेढीवर फारसे काम नसे. म्हणून मालकांकडून रजा घेऊन त्याने छायाचित्रणाचा स्टुडिओ थाटला. धंदा चालला नाही तर नोकरीवर परत येण्याची मुभाही त्याने पदरात पाडून घेतली होती. तशी वेळ आली नाही. पुढे कॅनडा आणि अमेरिकेतील अनेक शहरांत त्याच्या नावाचे स्टुडिओ उभे राहिले आणि कॅनडाचा हिवाळा कसा असतो, हे त्या काळातील पुष्कळांनी त्याच्याच चित्रांतून प्रथम पाहिले.

गंमत अशी, की त्या चित्रांपैकी कित्येकांतील बर्फ हा बर्फ नव्हताच. स्टुडिओच्या जमिनीवर पसरलेले मीठ हे त्यातील हिम होते आणि घासूनपुसून चकचकीत केलेला जस्ताचा पत्रा हे गोठलेले तळे. आकाशातून भुरभुरणारे हिमकण हवे असतील, तर काचेच्या निगेटिव्हवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे उडवले जात. १८७० साली मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंक या बर्फावर घसरण्याच्या क्रीडागृहात वेषभूषेचा मोठा सोहळा झाला. त्याच्या सुप्रसिद्ध चित्रासाठी नॉटमनने सुमारे ३०० व्यक्तींची छायाचित्रे एकेक करून स्टुडिओत काढली, ती कातरली आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवून सारा मेळा उभा केला.

यात लबाडीपेक्षा नाइलाजाचा भाग अधिक होता. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून ती काच वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि तेथल्या तेथे धुवावेही लागे. कडाक्याच्या थंडीत पाणीच गोठे, तेथे काच धुणार कशी? शिवाय ते रसायन प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच दाद देई. त्यामुळे बर्फ आणि आकाश दोन्ही एकाच कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यात विरून जात. खऱ्या बर्फाचे चित्र खोटे दिसे आणि मिठाचे खरे.

आज दीडशे वर्षांनंतर ही अडचण उरलेली नाही. खिशातला मोबाइलदेखील क्षणात चित्र टिपतो. टोरांटो, कॅलगरी वा व्हँकुव्हर येथे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी गेलेली मुले पहिल्या हिमवर्षावाचे छायाचित्र तातडीने घरी पाठवतात. तथापि त्यांतील अनेक चित्रे पाहून घरचे थोडे हिरमुसतात. मुलगा सांगतो, की सारे शुभ्र, डोळे दिपवणारे आहे; चित्रात मात्र राखाडी, धुरकट, मळक्या चादरीसारखे काहीतरी दिसते. महागडा कॅमेरा घेतला तरी पुष्कळदा तेच. दोष यंत्राच्या किमतीत नसतो. तो त्याच्या गृहीतकात असतो.

कॅमेऱ्याला रंग वा वस्तू आपल्यासारख्या कळत नाहीत. समोरून किती प्रकाश येतो, एवढेच तो मोजतो. जगातील सर्वसाधारण दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकते, असे धरून त्याची मोजणी बेतलेली आहे. झाडे, घरे, रस्ते, माणसे यांच्या चित्रांत हे गणित बहुतेक वेळा जुळते. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटते, प्रकाश फार झाला. आणि तो इमानेइतबारे प्रकाश कमी करून बर्फाला मध्यम राखाडी करून टाकतो. बेरीज अचूक, पण आरंभीची नोंदच चुकीची, अशा हिशेबासारखे हे आहे. असा हिशेब कितीही वेळा तपासला तरी जुळतच राहतो आणि तरीही तो खरा नसतो.

उपाय सोपा आहे, पण तो माणसानेच करावा लागतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते. तिच्यावर अधिक चिन्हाच्या बाजूला एक ते दोन स्टॉप वाढवावेत. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. मोबाइलवर चित्रातील बर्फावर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते थोडे वर सरकवले की तेच साधते. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. समोर आधीच इतका उजेड असताना आणखी वाढवायचा? परंतु जे मुळात शुभ्र आहे, त्याला त्याची शुभ्रता परत मिळवून देण्याचा हाच मार्ग.

यालाही मर्यादा आहे. प्रकाश प्रमाणाबाहेर वाढवला, तर बर्फावरील वाऱ्याच्या लाटा, पावलांचे ठसे, हिमकणांची लकाकी सारे पुसले जाऊन कोरा कागद उरतो. राखाडी झालेले चित्र नंतर काहीसे सुधारता येते. कोऱ्या झालेल्या भागातून काही परत मिळत नाही, कारण तेथे काही नोंदलेच गेलेले नसते. म्हणून जाणकार छायाचित्रकार कॅमेऱ्यातील हिस्टोग्राम पाहतात. प्रकाशाचा हा आलेख उजव्या कडेच्या जवळ जावा, पण तिला जाऊन आदळू नये. यंत्राने काढलेल्या उत्तराचा हा ताळा होय.

शुभ्रतेतही छटा असतात, हे कॅनडाच्या हिवाळ्यात विशेष जाणवते. अल्बर्टा प्रांतातील बॅन्फ हे १८८५ पासूनचे, कॅनडातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान सुमारे ५१ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथील सूर्य ऐन दुपारीदेखील क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांहून अधिक वर असतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, पण त्या आठही तासांत प्रकाश तिरपा. त्यामुळे बर्फावरील लहानशी चुणीही लांब सावली टाकते आणि सपाट वाटणाऱ्या मैदानाला उठाव येतो. उन्हातला बर्फ किंचित सोनेरी दिसतो, तर सावलीतला निळसर, कारण सावलीत पोहोचतो तो निळ्या आकाशाचाच प्रकाश. ही निळाई खरी आहे. व्हाइट बॅलन्सच्या साहाय्याने ती संपूर्ण पुसून टाकणारा चित्र सुधारत नाही, त्यातील थंडी काढून घेतो.

स्थळांची तर वाण नाही. क्यूबेक शहराजवळचा मोंमोरांसी धबधबा ८३ मीटर उंच, म्हणजे नायगाऱ्याहून उंच आहे. हिवाळ्यात त्याचे तुषार गोठत गोठत पायथ्याशी बर्फाचा शंकू उभा राहतो. स्थानिक लोक त्याला साखरेच्या ढेपेचे नाव देतात. १९६९ च्या मालिकेतील कॅनडाच्या २० डॉलरच्या नोटेवर ज्या मोरेन सरोवराचे चित्र होते, त्याचा रस्ता मात्र हिवाळ्यात बंद असतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तेथे जाण्याचा बेत आखणाऱ्यांची निराशा ठरलेली. त्याऐवजी जवळचे लेक लुईस गाठावे. ते नोव्हेंबरपासून कित्येक महिने गोठलेले असते.

थंडी कॅमेऱ्याला आणि माणसाला दोघांनाही सोडत नाही. शून्याखाली वीस अंशांवर बॅटरीची शक्ती झपाट्याने घटते. म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, शरीराच्या उबेला ठेवावी. भिंगावरचे हिमकण फुंकरीने उडवू नयेत. श्वासातील बाष्प तेथेच गोठते. सर्वांत मोठी चूक घरी परतल्यावर होते. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत उघडा आणला, की त्याच्या आतबाहेर दव साचते. बाहेर असतानाच तो हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि खोलीत आणून तास-दोन तास पिशवी उघडू नये. दव पिशवीवर साचेल, कॅमेऱ्यावर नाही. हातांसाठी आत पातळ आणि वर जाड असे दुहेरी मोजे असावेत. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ अंशांपुढे गेली, की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. चांगल्या प्रकाशाची वाट पाहण्याच्या नादात ही मिनिटे कधी सरतात, ते कळत नाही.

याहून गंभीर गोष्ट पायाखालच्या बर्फाची. नायगारा धबधब्याखालील नदीवर पूर्वी हिवाळ्यात बर्फाचा पूल तयार होई. लोक हौसेने त्यावर चालत, फोटो काढवून घेत. विक्रेते चक्क बर्फावर टपऱ्या उभारून धंदा करीत. वर्षानुवर्षे काही झाले नाही, म्हणून काही होणार नाही, अशी समजूत रुजली होती. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी तो पूल अकस्मात भंगला आणि तीन माणसे प्राणास मुकली. तेव्हापासून त्यावर जाण्यास बंदी आहे.

आजचे असे मोहाचे ठिकाण म्हणजे अल्बर्टातील अब्राहम लेक. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे हा जलाशय निर्माण झाला. तळाशी कुजणाऱ्या वनस्पतींतून मिथेन वायूचे बुडबुडे वर येतात आणि गोठणाऱ्या पाण्यात थरावर थर अडकून राहतात. तेथील जोरदार वारा वरचा भुसभुशीत बर्फ उडवून लावतो, त्यामुळे काचेसारख्या पृष्ठभागाखाली पांढऱ्या चकत्यांच्या उतरंडी दिसतात. जगभरचे छायाचित्रकार त्यासाठी येतात. परंतु विजेसाठी पाणी सोडले जाते तशी जलाशयाची पातळी उतरते आणि वरच्या बर्फाला खालून आधार राहत नाही. वरून भक्कम, आतून पोकळ.

बर्फाची पत त्याच्या रंगावरून आणि जाडीवरून ठरवण्याचे नियम तेथे प्रचलित आहेत. पारदर्शक निळसर बर्फ सर्वांत मजबूत. अपारदर्शक पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मी. आणि राखाडी बर्फ म्हणजे आत पाणी आहे, त्यावर पाऊलही ठेवू नये. एकट्याने चालण्यासाठी बर्फाची जाडी किमान १५ सेंटिमीटर असावी, समूहासाठी २०. जेथे एवढ्या छटांवर जीव अवलंबून असतो, तेथे पांढऱ्याला राखाडी आणि राखाडीला पांढरे दाखवणाऱ्या चित्रावर विसंबून कोणी निघू नये. कोणाचे तरी सुंदर छायाचित्र पाहून त्याच जागी जाण्यापूर्वी ते कोणत्या दिवशीचे आहे हे विचारावे आणि स्थानिक माहितगाराकडून त्या दिवसाची स्थिती जाणून घ्यावी. लेक लुईस ते जॅस्पर हा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने अधूनमधून बंद ठेवला जातो. बहुतेक अंतरावर मोबाइलला संपर्क नसतो आणि १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर असणे कायद्याने सक्तीचे आहे.

याच मार्गालगत अथाबास्का हिमनदी आहे. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. पूर्वी तिची कड कोठवर होती, ते सांगणारे सालाचे फलक वाटेत लावलेले आहेत. एकेका फलकाजवळून पुढे चालत जाताना गमावलेले अंतर पायांना कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी मोजणीदार नकाशे तयार करण्यासाठी काचेच्या जड निगेटिव्ह घेऊन हे डोंगर चढत असत. १९१५ साली जॅस्परच्या मोजणीत एम. पी. ब्रिजलंड यांच्या पथकाने अशी शेकडो चित्रे घेतली. त्यांना कलाकृती करायच्या नव्हत्या. ठिकाण, दिशा आणि दिवस यांची चोख नोंद ठेवायची होती. अभ्यासकांनी पुढे त्याच जागांवर उभे राहून तीच दृश्ये पुन्हा टिपली, तेव्हा किती बर्फ गेला आणि अरण्य किती वर चढले, हे दोन चित्रे शेजारी ठेवून सांगता आले.

नॉटमनची मिठाची चित्रे आजही पाहणाऱ्याला मोहवतात, आणि त्याच्या स्टुडिओचा प्रचंड संग्रह मॉन्ट्रियलच्या मॅकॉर्ड स्टुअर्ट संग्रहालयात जपलेला आहे. पण कोणत्या वर्षी बर्फ कोठवर होता, या प्रश्नाला मीठ उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर खऱ्या बर्फाच्या खऱ्या नोंदीतूनच मिळते. म्हणून परदेशी असलेल्या मुलामुलींनी घरच्या गच्चीवरून वा खिडकीतून बर्फाचे चित्र घ्यावे, तेव्हा प्रकाशाचा ताळा पाहावा, शुभ्रतेला तिचा योग्य भाग द्यावा आणि चित्राखाली दिनांक व ठिकाण अवश्य लिहावे. दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच तारखेला घेतलेली अशी दहा चित्रे जमली, की तो नुसता आठवणींचा संग्रह राहत नाही. तो त्या परिसराच्या हिवाळ्यांचा खतावणीसारखा दस्तऐवज होतो आणि पुढच्या पिढीला तो उघडून पाहता येतो.