तापमान कुठले आणि केव्हाचे?

‘शहराचे तापमान ४० अंश’ एवढे वाचून आपण उन्हाळ्यातल्या दिवसाचा अंदाज बांधतो. भौतिकशास्त्राच्या लेखी मात्र हे विधान अर्धवट आहे. तापमान हे स्थळ आणि काळ यांचे फलन आहे. बिंदूचे तीन निर्देशक आणि वेळ सांगितली, तरच ‘किती?’ या प्रश्नाला अर्थ येतो. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात उष्णतेचे गणित याच पायावर उभे केले. त्यांच्या समीकरणाचा आशय सरळ आहे: एखादा बिंदू भोवतालच्या सरासरीपेक्षा गार असेल तर तापत जातो, गरम असेल तर निवत जातो, आणि तफावत मोठी असेल तर बदलही वेगाने होतो. म्हणूनच दिवस-रात्रीचा चढउतार जमिनीत हातभर खोलीपर्यंत बहुतांशी विरतो. ऋतूंचा चढउतार मात्र काही मीटर खोल पोचतो, आणि तोही उशिरा.

हवामानशास्त्राला हे ठाऊक आहे. केंद्रावरचा आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या सावलीत मोजलेल्या हवेचा असतो. उष्णतेच्या लाटेचा विचार करण्यासाठी भारतीय हवामान विभाग सपाट प्रदेशात किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश कमाल तापमान धरतो. म्हणजे धोक्याचा उंबरठासुद्धा जागेनुसार बदलतो.

यावर कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला एकच आकडा सोयीचा. शिवाय ठरावीक पद्धतीने मोजल्याशिवाय दोन शहरांची किंवा दोन वर्षांची तुलना कशी करणार? दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. तो आकडा हवाच, पण ते त्या फलनाचे एका बिंदूवरचे मूल्य आहे, सगळ्या शहराची अवस्था नव्हे. पहिल्या आक्षेपात मात्र वाचकाला कमी लेखले जाते. पत्र्याखालची दुपार आणि कडुनिंबाखालची दुपार यांतला फरक प्रत्येकाला कळतो. फलनाची भाषा तोच अनुभव नेमका मांडते.

म्हणून बातमीत आकड्यासोबत केंद्र आणि वेळ छापावी, रात्रीचे किमान तापमानही तितक्याच ठळकपणे द्यावे आणि शाळेत फलन शिकवताना हेच उदाहरण घ्यावे. कामाच्या वेळा आणि सावलीची सोय केंद्रावरच्या एकाच आकड्यावर ठरवली, तर तापलेल्या पत्र्याखाली राबणारा माणूस हिशेबातूनच सुटतो.