झाडाची एक बाजू

काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बागांत एखादे झाड असे दृष्टीस पडते, की त्याचे एक अंग गर्द हिरवे असते आणि दुसऱ्या अंगाच्या फांद्यांवरील नवी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राहून, पिवळी पडलेली असतात. बागाईतदार हा रोगच समजून फवारणीच्या तजविजीस लागतो. परंतु त्या अंगाखाली हातभर खणले, तर चुनखडीचा थर लागण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि चुन्याच्या सान्निध्यात जमिनीतील लोह विपुल असले तरी मुळांच्या लेखी ते असून नसल्यासारखेच होते.

मग दुसऱ्या अंगाची मुळे तृप्त असताना त्यांनी या अंगाची निकड का भागवू नये? झाड एकजीव खरे, पण त्याचा कारभार एकत्र कुटुंबाच्या कोठारासारखा नसतो. अनेक वृक्षांत एका बाजूच्या मुळांनी शोषलेला रस मुख्यतः ठरावीक फांद्यांकडेच चढतो, आणि खोडाच्या तंतूंना पीळ असेल तर तो भलत्याच बाजूस निघतो. नत्र, पालाश ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्यांस पुरविण्याची सोय झाडापाशी असल्याने त्यांची विषमता काही अंशी बुजते. लोह व कॅल्शियम मात्र एकदा जेथे पोहोचले तेथून फारसे हलत नाहीत.

म्हणूनच सरासरीवर बेतलेल्या शिफारशींविषयी माझी तक्रार आहे. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेने बागायतात अडीच व जिरायतात दहा हेक्टरांस एक नमुना ठरविला. देशाचा पसारा पाहता हा नाइलाज समजण्याजोगा आहे. पण गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या जमीन-पाहणीतून, म्हणजे 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात आरंभ झालेल्या कामातून, मुंबई इलाख्यात जी प्रतबंदी रूढ झाली, तीत एकेका शेताचे चौकोन पाडून प्रत्येकातील मातीची खोली आणि चुनखड, उतार आदी दोष कारकुनांना टिपावे लागत. हेतू शेतसाऱ्याचा होता, पिकाच्या कल्याणाचा नव्हे, हे कबूल. तरी वसुलीसाठी जी बारकाई सरकारास परवडली, ती पोषणासाठी परवडू नये, हे विलक्षणच!

बागाईतदाराला मात्र कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पानांचा नमुना चारही दिशांच्या फांद्यांवरून घ्यावा, पण पिवळ्या अंगाची पाने त्यात न मिसळता निराळ्या पिशवीत, निराळी चिठ्ठी घालून, प्रयोगशाळेकडे धाडावीत. आणि ठिबकची नळी खोडाच्या एकाच बाजूने गेली असेल, तर पुढचे विद्राव्य खत सोडण्यापूर्वी दुसऱ्या बाजूसही एक नळी टाकून घ्यावी.