कुरळ्या केसांवर वस्तरा हा उपाय नव्हे

मा. संपादक,


बाळाचे कुरळे जावळ दोनदा काढले की केस सरळ आणि दाट येतात, असे गेल्या अंकात एका आजोबांनी ठामपणे लिहिले आहे. जावळाच्या विधीला माझा विरोध नाही. हौस म्हणून जरूर करा. पण केसाचे वळण त्वचेखालच्या मुळाच्या आकारावर ठरते आणि वस्तरा तिथवर पोहोचतच नाही. नंतर केस राठ लागतात ते कापलेल्या बोथट टोकांमुळे. पहिल्या एक-दोन वर्षांत बाळाचे केस आपणहूनही बदलतात. त्याचे श्रेय न्हाव्याला कशाला?

रोज शिकेकाईने न्हाऊ घालण्याचा सल्ला तर मुळीच पटला नाही. कुरळ्या केसांत डोक्याचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही, त्यामुळे ते मुळातच कोरडे असतात. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू पुरे, एरवी कोमट पाणी. (शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर काय होते, हे आजोबा विसरलेले दिसतात!) गुंता सोडवायचा तो केस ओले असताना, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने, आधी टोके मग मुळे. बोटांना किंचित खोबरेल लावले तर काम सोपे होते. टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपावे.

आणि कुरळे केस मुलीच्या लग्नाच्या आड येतात, हे त्यांचे वाक्य आपण छापायला नको होते.

आपली,
एक कुरळ्या केसांची वाचक, सातारा