मालवाहू उड्डाणाचे तास दुय्यम नव्हेत
छोट्या मालवाहू विमानांवरील उड्डाण म्हणजे नुसते तास भरणे, हे एका पत्रलेखकाचे मत अमेरिकेतील वस्तुस्थितीशी जुळत नाही. बफेलोजवळच्या २००९ च्या अपघातानंतर, २०१३ पासून तेथे प्रवासी कंपनीतील सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. उपकरणांच्या आधारे मालवाहू विमान एकट्याने नेण्यास मात्र १२०० तास पुरतात, त्यामुळे उरलेले तास अशा उड्डाणांतून मिळवता येतात. सेसना कॅराव्हॅनसारख्या एकइंजिनी विमानात रात्री, ढगांत, पंखांवर बर्फ साचत असताना हवामानाचा निर्णय, रेडिओ, इंधनाचा हिशेब, सामानाचा तोल हे सारे एकाच माणसावर असते. निरभ्र आकाशात धावपट्टीभोवती घातलेल्या घिरट्यांना त्याची सर नाही. उणीव एकच, पण खरी: दोघांनी मिळून विमान चालवण्याची सवय अशा उड्डाणांत लागत नाही, ती पुढे प्रवासी कंपनीच्या प्रशिक्षणात अंगी बाणवावी लागते.