वाऱ्याला पाठ देणारी बंदरे

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात वावटळ उठली की माणूस भिंतीच्या आड सरकतो. समुद्रात तांडेलाला, म्हणजे नौकेच्या म्होरक्याला, ही भिंत नकाशात शोधावी लागते.

देवगड हे तिचे उत्तम उदाहरण. समुद्रात घुसलेल्या डोंगरी भूशिरावर किल्ला आणि त्याच्या आडोशाला शांत पाणी. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाने भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या 68 बोटी महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागल्या. 952 मच्छीमार सुखरूप उतरले.

मात्र आडोसा दिशेवर ठरतो. नैऋत्येचा वारा अडवणारा डोंगर वायव्येच्या वाऱ्यापुढे कुचकामी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा देवगड बंदरातही बोटी बुडाल्या. म्हणून जुना तांडेल आधी वारा पाहतो, मग तळ. चिखलात नांगर रुततो, खडकावर घसरतो. दोर खोलीच्या किमान पाचपट सोडायचा. तो आखूड पडला तर प्रत्येक लाट नांगर उपटू पाहते.

सरकारने नव्या जेट्यांइतकेच लक्ष खाड्यांच्या मुखातला गाळ आणि दिशादर्शक दिव्यांकडे द्यायला हवे. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने संपून नौका पुन्हा निघतात, तेव्हा ऑगस्टचा समुद्र अजून खवळलेलाच असतो. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गाळात टेकलेल्या बोटीला समोरचा आडोसा दिसतो, पण गाठता येत नाही.