लिंक खरी की खोटी, हा प्रश्नच नको

बनावट ईमेल कसा ओळखावा, याच्या सूचना आता बहुतेकांना पाठ आहेत. शुद्धलेखन बघा, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा, घाई करू नका. सूचना चुकीच्या नाहीत, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवणं धोक्याचं आहे. १९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचार मोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला: तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला. कार्यालयाने तो तपासायला दिला. तंत्रज्ञाने तो खरा असल्याचं कळवलं. आपल्याला नेमकं उलट लिहायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. पण त्याच उत्तरात त्याने गूगलची अस्सल लिंकही दिली होती. ती उघडली असती, तर निर्वाळा चुकूनही काही बिघडलं नसतं. उघडली गेली ती मूळ मेलमधली, आणि ऑक्टोबरमध्ये पोडेस्टांचा पत्रव्यवहार विकीलीक्सने जगजाहीर केला. माणसाची पारख कधी ना कधी चुकणारच. म्हणून मेल खरा वाटो की खोटा, त्यातल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, ही सवय हवी. प्राप्तिकर परताव्याचा मेल आला तर विभागाचं संकेतस्थळ स्वतः उघडावं, बँकेचा आला तर बँकेचं अ‍ॅप. परतावा खरंच अडला असेल तर तो तिथेही दिसेल.

‘ओटीपी आहे ना, मग भीती कसली?’ असं कुणी म्हणेल. ओटीपी नसण्यापेक्षा असलेला बरा, यात वाद नाही. पण बनावट पानावर टाकलेला ओटीपी भामटा त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीचं, तसं नाही. ती ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली, त्याखेरीज दुसरीकडे चालतच नाही. पत्ता तपासण्याचं काम डोळ्यांऐवजी यंत्र करतं. याच तत्त्वावरच्या सुरक्षा-किल्ल्या गूगलने आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना दिल्या आणि त्यानंतर फिशिंगने एकाचंही कामाचं खातं गेलं नाही, असं कंपनीने २०१८मध्ये सांगितलं. हे सामान्य माणसाला झेपणारं नाही, हा आक्षेपही आता टिकत नाही: पासकी साध्या स्मार्टफोनमध्ये फुकट तयार होते आणि बोटाच्या ठशाने उघडते.

आणि पासवर्ड देऊन बसलो असलो तर? नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. घुसखोर आपला मेल परस्पर स्वतःकडे वळवणारा नियम सेटिंग्जमध्ये लावून ठेवतो, रिकव्हरीचा फोन नंबर बदलतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रिकव्हरीची माहिती तपासावी, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावं. ईमेल गेला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात, तेव्हा सुरुवात इथूनच हवी. पैसे गेले असतील तर मात्र आधी बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन. इथे लोक लाजेपोटी वेळ घालवतात, घरच्यांपासूनही लपवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. घरात कुणी फसलं असेल तर त्याला बोल लावू नका, आधी फोन लावून द्या.