हॉटेलच्या दारातली पाच मिनिटे : जागा द्या, मालकी देऊ नका

पहाटेच्या रेल्वेने आलेले कुटुंब रिक्षाने लॉजच्या दारात पोहोचते. सोबत गुडघे दुखणाऱ्या आजी, झोपलेले मूल आणि तीन जड बॅगा. रस्त्याच्या कडेला मात्र रात्रीपासून लावलेल्या मोटारींची रांग. रिक्षा नाइलाजाने दुसऱ्या रांगेत, भर रस्त्यात थांबते. मागून हॉर्न सुरू होतात, चालक ‘पटकन उतरा’ म्हणून घाई करतो आणि आजी धावत्या वाहनांच्या बाजूने खाली उतरतात. पुणे असो, नाशिक असो वा कोल्हापूर, जुन्या पेठांतल्या आणि स्थानकाजवळच्या लॉजसमोर हे चित्र रोजचे आहे. दोष रिक्षाचालकाचा नाही आणि प्रवाशाचाही नाही. दोष नियमात राहून गेलेल्या एका रिकाम्या जागेचा आहे.

नेमकी अडचण काय?

आपले पार्किंगचे नियम दोनच गोष्टी ओळखतात : गाडी लावायला परवानगी किंवा मनाई. सम-विषम तारखांचे पार्किंग घ्या. ज्या दिवशी हॉटेलच्या बाजूला पार्किंग असते, त्या दिवशी कडेची सगळी जागा सकाळीच भरते. ज्या दिवशी नसते, त्या दिवशी टोइंग आणि दंडाच्या भीतीने कॅबचालक थांबायला तयार नसतो. म्हणजे तारीख सम असो वा विषम, पाहुण्याला धड उतरता येत नाही ते नाहीच.

‘नो पार्किंग’ आणि ‘नो स्टॉपिंग’ एकच का?

नाही. फलक नीट पाहा. निळ्या वर्तुळावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई आहे. दोन लाल रेघांची फुली असेल तर थांबण्यासही मनाई आहे. प्रवासी उतरवण्यासाठी क्षणभर थांबणे आणि गाडी लावून निघून जाणे यांत फरक आहे, हे या दोन फलकांतच मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात मात्र तो फरक पुसला जातो. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रात वाहन दिसते; ते एक मिनिट थांबले होते की एक तास, हे दिसत नाही. राज्यात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू आहेत. अशा साध्या नियमभंगासाठी पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १५०० रुपये. दिवसभराच्या कमाईतून हा दंड भरणारा चालक पाहुण्याला कोपऱ्यावरच उतरवणार, यात नवल ते काय?

कायद्यात वाट आहे का?

आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने कुठे उभी राहू शकतील हे ठरवू शकते. ही परवानगी अमर्याद काळासाठी किंवा ठरावीक वेळेसाठीही देता येते. त्यामुळे ‘फक्त प्रवासी चढ-उतार, पाच मिनिटे’ अशी जागा आखायला नवा कायदा लागत नाही. वाहतूक शाखेचा आदेश, महापालिकेचे पट्टे आणि एक स्पष्ट फलक एवढे पुरते.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात रस्त्याची कडच रंगवलेली असते. लाल म्हणजे थांबायचे नाही, पिवळी म्हणजे मालाची चढ-उतार, निळी दिव्यांगांसाठी आणि पांढरी म्हणजे प्रवाशांची चढ-उतार, तीही पाच मिनिटांपुरती. पांढरी कड हवी असलेला व्यावसायिक अर्ज करतो, शुल्क भरतो. पण ती जागा त्याची होत नाही. शेजारच्या दुकानात आलेला माणूसही तिथे उतरू शकतो. आपल्यासाठी खरा धडा यातच आहे.

मग विरोध कशासाठी?

विरोध निराधार नाही. हॉटेलसमोरच्या रस्त्यावर कोन, कुंड्या आणि ‘फक्त ग्राहकांसाठी’ असे फलक मांडून जागा बळकावण्याचे प्रकार सर्रास दिसतात. सुरक्षारक्षक इतरांना हुसकावतात आणि व्हॅलेवाले पाहुण्यांच्या मोटारी रस्त्यावरच लावतात. चढ-उताराची जागा दिली की तिथे हॉटेलमालकाचीच गाडी दिवसभर उभी राहील, ही शेजारच्या दुकानदाराची शंका अनुभवातून आलेली आहे.

दुकानदाराने हिशेबही पाहावा. एका मोटारीच्या जागेत आठ तास एकच गाडी उभी राहिली तर त्या जागेचा उपयोग एकाला. पाच मिनिटांची मर्यादा पाळली तर तेवढ्याच वेळात तिथे जास्तीत जास्त ९६ वाहने थांबू शकतात. प्रत्यक्षात त्याच्या चौथाई वाहने आली, तरी २४ जणांची सोय झाली.

अटी कोणत्या हव्यात?

पहिली, जागा दोन मोटारींपुरतीच आणि ती रस्त्याच्या कडेची. फूटपाथ, बसथांबा किंवा चौकाच्या तोंडाची इंचभरही नको. दुसरी, चालकाने गाडी सोडून जायचे नाही. तिसरी, जागा सर्वांना खुली; रिक्षा, कॅब, खासगी गाडी असा भेद नको. चौथी, ज्या हॉटेलला आवारात गाडी वळवण्याइतकी जागा आहे, त्याला रस्त्यावर जागा नाही. मंजूर नकाशातले पार्किंग बंद करून तिथे हॉल किंवा गोदाम थाटणाऱ्यांनी आधी ते मोकळे करावे. पाचवी, ‘हॉटेल’ म्हणजे इथे मुक्कामाचे ठिकाण. मिसळ खायला येणाऱ्याकडे बॅगा नसतात. प्रत्येक उपाहारगृहाने ही सवलत मागितली तर कडेला काहीच उरणार नाही.

आणि शेवटची अट, आधी तीन महिने प्रयोग, मग फेरविचार. वाहतूक शाखा असे बदल प्रायोगिक तत्त्वावर करते आणि नागरिकांकडून लेखी हरकती व सूचना मागवते. त्या आवाहनाकडे आपण बहुतेक वेळा दुर्लक्ष करतो आणि नंतर फलकावर चिडतो. तुमच्या रस्त्यावर असा आदेश निघाला, तर कोणत्या वेळी कोंडी होते आणि फूटपाथ कुठे अडतो, हे चार ओळींत कळवा.

रस्त्याची कड ना हॉटेलवाल्याची, ना कालपासून तिथे गाडी लावून बसलेल्याची. ती सगळ्यांची आहे, म्हणूनच ती थोडा थोडा वेळ सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी. आजींना रस्त्याच्या मधोमध नव्हे, कडेला उतरता यावे, एवढी पाच मिनिटे शहराने द्यायला हरकत नाही. सहाव्या मिनिटाला मात्र दंड व्हायलाच हवा.